कोणाकडे

संगमनेरचा कार्यक्रम साडेबाराला आटपला.
माळशेज उतरेपर्यंत सगळे गाढ,
फक्त गोरक्षची बोटं
झोपेतही पुढच्या सीटवर ठेका धरून.
महाप्याच्या पुलाखाली इस्माईलने मला सोडलं.
"मढवी, सोमवारी दोनला. इथंच."
आणि बस वाशीकडे गेली
मागच्या काचेला टेकलेलं रत्नप्रभाबाईंचं डोकं घेऊन.

रिक्षावाला पेटीकडे बघतो.
आजवर कोणी बंदूक म्हणालं, कोणी प्लंबर.
हा विचारतो, "आत माणूस नाही ना?"
ट्रॉम्बोन, मी सांगतो.
तो मीटर टाकतो.

घणसोली. गेटवर नवा वॉचमन.
दर दौऱ्यानंतर नवाच असतो.
(आजोबांचं मिठागर इथंच कुठंतरी होतं,
बहुतेक पार्किंगखाली.)
तो वही सरकवतो, सुतळीला बांधलेलं पेन.
नाव: जनार्दन मढवी.
कुठून: संगमनेर.
त्याआधी मनमाड, त्याआधी उदगीर,
पण रकाना एवढासा.
कोणाकडे:

माझ्या वाद्याला पडदे नाहीत, बटणं नाहीत.
सात जागा आहेत म्हणतात,
पण नळीवर एकीचीही खूण नाही.
हाताला ठाऊक असावं लागतं
किती लांब गेलं की कुठला सूर.
चरईत बस्त्याव मास्तर शिकवायचे,
खिडकीकडे पाठ करून, पायात मोजे नसलेले बूट.
"डोळे मिट. बघून सूर सापडला असता
तर आंधळे सगळे बेसुरे निघाले असते.
आणि सातवीच्या पुढे हात नेऊ नको रे बाबा,
नळी निसटेल, पुढच्याच्या पाठीत बसेल."

दर दोन गाण्यांनी खालची चावी दाबून
पाणी काढावं लागतं.
लोकांना थुंकी वाटते.
श्वास असतो तो, आत थंड पडलेला.
उदगीरच्या मांडवात सांडलाय,
मनमाडला शाळेच्या फरशीवर,
एकदा नवरीच्या मामाच्या बुटावर,
त्याचे पैसे कापले गेले.
एकोणीस वर्षं झाली.
हिशेब मांडत नाही.

घरी रात्री उठलो की
बाथरूमचं दार लॉजच्या जागी शोधतो.
मागच्या खेपेला कपाट उघडलं,
साड्यांपुढे उभा राहिलो बराच वेळ.
मैथिली हसली,
मग हसायची थांबली.

फेब्रुवारीत वाशीलाच लागला कार्यक्रम,
भावे नाट्यगृहात.
घरून रिक्षाने गेलो, डबा घेऊन.
निवेदक म्हणाला,
"खास आपल्यासाठी लांबून आलेले हे कलाकार!"
टाळ्या पडल्या.
पाचव्या रांगेत मैथिलीनेही वाजवल्या.
माझी एन्ट्री चार मात्रा उशिरा आली त्या रात्री,
गोरक्षने सावरून घेतलं,
कोणाच्या लक्षात आलं नाही.

"साहेब, कोणाकडे?"
बाराशे दोन, मी म्हणतो. मढवी.
तो वहीची मागची पानं चाळतो,
तिथं कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय.
"मढवी बाहेर असतात," तो सांगतो,
"टूरवर. घरी वहिनी आणि मुलगीच."
माहीत आहे, मी म्हणतो.
"ओळख आहे का त्यांची?"
आहे, थोडीफार.

तो इंटरकॉम लावतो.
पाच वाजायला आलेत, दूधवाल्याचा टेम्पो
मागे हॉर्न देतोय, तोही बेसूरच.
मी ओठ ओले करून बसलोय उगाच.
"मॅडम, एक माणूस आलाय. पाइप घेऊन."
पलीकडे कोणी बोलत नाही.
तो रिसीव्हर कानाला दाबून धरतो,
माझ्याकडे बघतो,
मग जरा हळू आवाजात:
"विचारतायत,
जेवलात का."